जंप सीझन 2025–26: लक्ष ठेवायचे वीस घोडे (प्रकल्प नोंदी)

6 मे 2025

सँडाउनला 26 एप्रिलला ब्रिटनचा जंप रेसिंगचा (अडथळ्यांवरून पळायच्या घोडेशर्यतींचा) सीझन मिटला आणि 3 मेला आयर्लंडमधलं पंचेस्टाउनही आटोपलं. यादीचं काम आताच सुरू करायचं, कारण शर्यती अजून डोळ्यांसमोर ताज्या आहेत. ऑक्टोबरपर्यंत थांबलं की आठवणीत फक्त मार्चच्या चेल्टनम महोत्सवाचे विजेते उरतात.

उद्दिष्ट: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वीस नावं पक्की करणं. प्रत्येक नावापुढे तीन ओळी सक्तीच्या: (1) हा घोडा अजून सुधारेल असं मानायला पुरावा काय, (2) कुठलं अंतर आणि कुठली जमीन त्याला हवी, (3) काय घडलं की नाव काढायचं. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर घोडा यादीत नाही.

प्रस्थापित चॅम्पियन वगळले आहेत. गालोपाँ दे शां 2023 आणि 2024 चा चेल्टनम गोल्ड कप जिंकला, 2025 ला दुसरा आला. घोडा महान आहे, पण त्याच्याबद्दल आता शोधायचं काही शिल्लक नाही आणि पैजेचा भावही कायम पडलेलाच असतो. यादी अशा घोड्यांची हवी ज्यांची खरी ताकद रेटिंगमध्ये (कामगिरीवरून दिलेल्या आकड्यात) अजून पूर्ण उतरलेली नाही.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती पाहणाऱ्यांसाठी मापं एकदाच लिहून ठेवतो. इंडियन डर्बी 2400 मीटरची. जंप रेसिंगमध्ये सर्वांत छोटी शर्यतच साधारण दोन मैल, म्हणजे 3200 मीटर. चेल्टनम गोल्ड कप सुमारे 5.3 किलोमीटर, 22 फेन्स (उंच, घट्ट अडथळे), आणि घोड्याच्या पाठीवर 11 स्टोन 10 पाउंड, म्हणजे 74 किलोच्या वर. सुटताना स्टॉल नसतात, दोरीमागून सुटतात, त्यामुळे 'ड्रॉ' (सुटण्याची जागा) हा रकाना शीटमधून सरळ काढून टाकला आहे. हर्डल हा हलका अडथळा, त्याची उंची साडेतीन फूट, फेन्सची किमान साडेचार फूट. हर्डल लागलं तर झुकतं, फेन्स तशी झुकत नाही. या एका फरकावर पुढचं निम्मं काम उभं आहे.

14 मे

कच्ची यादी चार कप्प्यांत: बंपरमधले (अडथळ्यांविना पळणारे), नॉव्हिस हर्डलर, चार वर्षांचे जुव्हेनाइल हर्डलर आणि नॉव्हिस चेसर (चेस म्हणजे फेन्सवरची शर्यत, नॉव्हिस म्हणजे त्या प्रकारात नवखा). जुने हँडिकॅपवाले (रेटिंगनुसार वजन घेऊन पळणारे) नंतर.

फॉर्मची ओळ वाचताना काही गोष्टी पाळायच्या. आकडे डावीकडून उजवीकडे, सर्वांत अलीकडची शर्यत शेवटी. आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला, तिरकी रेघ म्हणजे त्याहून मोठा खंड. 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे जॉकी उडाला, 'बी' म्हणजे दुसऱ्यामुळे पडला, 'पी' म्हणजे मध्येच थांबवला, 'आर' म्हणजे अडथळ्यासमोर नकार दिला. 'बी' हा दोष धरायचाच नाही. 'एफ' आणि 'यू' व्हिडिओ पाहिल्याशिवाय मोजायचे नाहीत. 'पी' मात्र दोनदा दिसला की त्यामागचं कारण शोधायचं: श्वास, पाय की जमीन. कारण सापडलं नाही तर नाव बाद.

टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेच्या रेटिंगपुढची चिन्हंही नोंदवतो. लहान 'पी' म्हणजे सुधारणा संभवते, मोठा 'पी' म्हणजे बरीच सुधारणा अपेक्षित, 'एक्स' म्हणजे उडी कच्ची. रेटिंगच्या आकड्याइतकंच लक्ष या चिन्हाकडे हवं. 140 वर 'पी' असलेला घोडा या कामासाठी चिन्ह नसलेल्या 148 पेक्षा उपयोगाचा.

1 जून

नॉव्हिसचा दर्जा तपासण्याचं किचकट काम. सीझन सुरू होण्याआधी हर्डलवर एकही शर्यत न जिंकलेला घोडा पूर्ण सीझन नॉव्हिस हर्डलर राहतो. चेससाठीही तोच हिशेब, पण वेगळा धरलेला. म्हणजे हर्डलवर पाच वेळा जिंकलेला घोडा फेन्सवर पहिल्यांदा येतो तेव्हा पुन्हा नॉव्हिस असतो.

यातून एक फायद्याचा गट निघतो: गेल्या हिवाळ्यात चांगल्या नॉव्हिस हर्डलमध्ये दुसरे-तिसरे आले, पण जिंकले नाहीत असे. त्यांना अनुभव मिळाला आणि दर्जा शाबूत राहिला. याउलट मार्च-एप्रिलमध्ये पहिला विजय मिळवलेल्या घोड्यांना नव्या सीझनमध्ये ठरावीक तारखेपर्यंतच सवलत असते. ती तारीख प्रत्येक शर्यतीच्या अटींमध्ये वाचायची, अंदाजाने धरायची नाही. एक विजय घेऊन नॉव्हिस दर्जा गमावलेला, पण खुल्या शर्यतींसाठी अपुरा असा घोडा हिवाळाभर अधांतरी फिरतो. अशी नावं कच्च्या यादीतून थेट काढली.

22 जून

हर्डलवरून फेन्सवर जाणारे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, कारण सगळ्यात मोठी सुधारणा आणि सगळ्यात मोठे अपेक्षाभंग दोन्ही इथेच होतात.

पाहण्याचा क्रम असा. आधी समोरून घेतलेला कॅमेरा: घोडा उडी मारताना डावीकडे झुकतो की उजवीकडे? बाजूच्या कॅमेऱ्यात हे कळतच नाही. मग शेवटच्या तीन हर्डलवरच्या उड्या, कारण थकल्यावरच उडीचा खरा आकार दिसतो. मग अडथळ्याच्या जवळ पोचल्यावर पाऊल जुळत नसेल तेव्हा घोडा काय करतो: छोटं पाऊल टाकून आवरतो, की लांबूनच झेप टाकतो? हर्डलवर लांबची झेप खपून जाते आणि वेगही वाढवते. फेन्सवर तीच सवय दहापैकी दोनदा महागात पडते, आणि नेमकी मोठ्या शर्यतीच्या वेगात पडते.

माजबरोची 2025 ची आर्कल (चेल्टनमची दोन मैलांची नॉव्हिस चेस) या कामासाठी पुन्हा पुन्हा पाहावी. आयरिश ट्रेनर विली मलिन्सचा हा घोडा 2024 ची ट्रायम्फ हर्डल (चेल्टनमची जुव्हेनाइल शर्यत) जिंकलेला, फेब्रुवारीत लेपर्डस्टाउनला आयरिश आर्कल जिंकलेला, चेल्टनमला जबरदस्त फेव्हरिट. शेवटून दुसऱ्या फेन्सवर मोठी चूक, आणि तरीही तिसरा. दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत: एंजिन सगळ्यांत मोठं याचंच, आणि उडीची खात्री नाही. तेव्हा तो फक्त पाच वर्षांचा होता. यादीत घेतला, तिसरी ओळ अशी: 'पहिल्या दोन शर्यतींत तशीच चूक झाली तर बाद, जिंकला तरी.'

त्याच शर्यतीचा विजेता जँगो बाय, ब्रिटिश ट्रेनर निकी हेंडरसनचा. शेवटच्या फेन्सनंतरही मागे होता, चढावर सगळ्यांना गाठून जिंकला. अशा घोड्याला दोन मैल अपुरे पडतात, अडीच मैल किंवा त्याहून लांब अंतर त्याचं. म्हणजे दोन मैलांच्या शर्यतीत नाव दिसलं तर उत्साह आवरायचा आणि लांब अंतरात दिसलं तर पुढे सरसावायचं.

फायनल डिमांडही मलिन्सचाच. फेब्रुवारीत लेपर्डस्टाउनला ग्रेड 1 (सर्वोच्च दर्जाची) नॉव्हिस हर्डल जिंकला, चेल्टनमच्या टर्नर्स नॉव्हिस हर्डलमध्ये द न्यू लायन आणि द यलो क्ले यांच्यामागे तिसरा. शरीर चेसरचं. मार्चमध्ये हरल्यामुळे त्याच्याकडे लोकांचं लक्ष कमी, आणि हेच त्याला घेण्याचं एक कारण.

कोपेक दे बोर्द चेल्टनमची सुप्रीम नॉव्हिस हर्डल जिंकलेला. गुणवत्तेबद्दल शंका नाही. सुरुवातीला लगाम ओढत पळतो, ही काळजी. फेन्सवर तो निवळला तर वर जाईल, उतावीळ राहिला तर दोन मैलांपलीकडे टिकणार नाही.

13 जुलै

जुव्हेनाइल. चार वर्षांच्या घोड्यांच्या कामगिरीवर दुसऱ्या वर्षी विश्वास ठेवणं धोक्याचं. आपल्या वयाच्या घोड्यांविरुद्ध जिंकणं वेगळं, पाचव्या वर्षी सात-आठ वर्षांच्या तयार हर्डलरशी भिडणं वेगळं. चॅम्पियन हर्डलमध्ये पाच वर्षांचा विजेता फार क्वचित दिसतो: 1985 मध्ये सी यू देन, मग थेट 2008 ला कॅचिट, नंतर 2019 ला एस्प्वार दालेन.

2025 ची ट्रायम्फ पोनिरोसने 100/1 भावाने जिंकली, तीही आयुष्यातल्या पहिल्याच हर्डल शर्यतीत. थक्क करणारा निकाल. पण यादीसाठी नाही: आता त्याचा भाव त्या एका शर्यतीवर ठरेल आणि त्याला खुल्या हर्डलच्या कठीण वाटेनेच जावं लागेल.

त्याच्यामागे थोडक्यात दुसरा आलेला लुलांबा मात्र नक्की. हेंडरसनच्या पागेतला, पुढे पंचेस्टाउनला चार वर्षांच्या घोड्यांची चॅम्पियन हर्डल जिंकला. त्याला लगेच फेन्सवर नेलं तर फायदा दुहेरी: नॉव्हिस दर्जा ताजा, आणि वर्षअखेरपर्यंत मोठ्या घोड्यांकडून वयाची वजनसवलत. 1 जानेवारीला सगळे घोडे एक वर्षाने मोठे होतात आणि ही सवलत आटते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर हा त्याचा काळ. तो हर्डलवरच राहिला तर नाव पुन्हा तपासायचं.

2 ऑगस्ट

वेळ मोजण्याची पद्धत, सविस्तर, कारण इथे चुकीची मोजणी सर्रास होते.

एका दिवशी, एकाच कोर्सवर, एकाच अंतराच्या दोन शर्यती घ्यायच्या. वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा जोडीला लावायच्या नाहीत, जमीन तासातासाला बदलते. हर्डल आणि चेसचे ट्रॅकही वेगळे, त्यांची तुलना नको. आतले कठडे हलवले की अंतर वाढतं, किती यार्ड वाढलं ते कोर्सकडून जाहीर होतं. ते यार्ड धरले नाहीत तर चांगली शर्यत मंद वाटते.

मग व्हिडिओवर तीन खुणा: शेवटून तिसऱ्या अडथळ्यावर पुढचे पाय टेकले तो क्षण, शेवटच्या अडथळ्यावर टेकले तो, आणि अंतिम रेषा. सेकंदाला 25 चित्रं असतील तर एक चित्र म्हणजे 0.04 सेकंद, तेवढी अचूकता पुरते. चांगल्या जमिनीवर एका सेकंदात साधारण पाच लांब्या (लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर), चिखलात चारच्या आसपास. लांब अंतरात एक लांबी म्हणजे ढोबळमानाने एक पाउंड वजन.

दोन आकडे एकत्र वाचायचे. एकूण वेळ चांगली आणि शेवटचा तुकडाही वेगवान: असा घोडा थेट यादीत. एकूण वेळ मंद, शेवट वेगवान: सगळे रेंगाळले आणि शेवटी धावले, तिथल्या दहा लांब्यांच्या विजयाला फार अर्थ नाही. एकूण वेळ चांगली, शेवट मंद: पुढून पळालेले दमले आणि मागून आलेला 'उसळला' असं दिसलं, प्रत्यक्षात तो फक्त कमी मंदावला. या तिसऱ्या प्रकारात, पुढून पळून चौथा-पाचवा आलेला घोडाच बहुधा खरा. बाकीच्यांना तो हरलेला दिसतो, म्हणून पुढच्या वेळी भाव मिळतो.

चेल्टनमच्या न्यू कोर्सवर हर्डल शर्यतीत शेवटच्या सहा-सात फर्लांगांत दोनच हर्डल असतात. तिथे कच्ची उडी झाकली जाते आणि दम असलेला घोडा चमकतो. महोत्सवाचे शेवटचे दोन दिवस याच कोर्सवर, म्हणून गुरुवार-शुक्रवारच्या हर्डल विजेत्यांची उडी दुसऱ्या कोर्सवर तपासल्याशिवाय चेसर म्हणून घेऊ नये.

20 ऑगस्ट

श्वसनाची शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्ये जानेवारी 2018 पासून शर्यतीच्या कार्डावर ती जाहीर करावी लागते, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या शर्यतीत नावापुढे 'डब्ल्यूएस' असतं. कुठल्या प्रकारची झाली ते मात्र कार्डावर नसतं. स्वरयंत्राची लुळी बाजू टाक्याने बांधणं हे मोठं काम, मऊ टाळूला डाग देणं हे छोटं. म्हणून केवळ 'डब्ल्यूएस' दिसल्याने घोडा उचलायचा नाही. आधीच्या शर्यतींत तो शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत मजेत येऊन अचानक विझत होता का, हे पाहायचं. तसं असेल तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. सुरुवातीपासूनच मागे पडणाऱ्या घोड्याचा प्रश्न श्वासाचा नसतो.

टेंडनच्या दुखापतीतून परतणारे एकूण दोनच घ्यायचे. इथे विश्रांती जवळपास वर्षभराची, आणि पुन्हा उद्भवण्याची भीती कायम. त्यांची पहिली शर्यत फक्त पाहायची, दुसरीपासून मोजायची.

3 सप्टेंबर

ब्रिटनच्या हवामान खात्यानुसार यंदाचा उन्हाळा नोंदीतला सर्वांत उष्ण, आणि त्याआधीचा वसंतही सर्वांत उष्ण. याचा थेट परिणाम: ऑक्टोबरमध्ये जमीन कडक राहण्याची शक्यता जास्त. कोर्स पाणी मारतात, पण पाण्याने झालेली 'गुड' (चांगली) आणि पावसाने झालेली 'गुड टू सॉफ्ट' (थोडी मऊ) जमीन घोड्याच्या पायांना वेगळी लागते. मोठ्या पागा आपले चांगले चेसर अशा वेळी बाहेरच काढत नाहीत. म्हणून चिखल हवा असलेल्या घोड्यांच्या पहिल्या शर्यतीची अपेक्षित तारीख नोव्हेंबरअखेरीला ढकलली. ऑक्टोबरमध्ये घोडा दिसला नाही म्हणून घाबरून नाव बदलायचं नाही.

कोर्सची दिशाही आताच भरून घेतली. डावीकडे वळणारे: चेल्टनम, एंट्री (लिव्हरपूलचा कोर्स), न्यूबरी, हेडॉक, चेपस्टो, वेदरबी, लेपर्डस्टाउन. उजवीकडे: केम्प्टन, सँडाउन, ॲस्कट, एक्सेटर, पंचेस्टाउन, फेअरीहाउस, डाउन रॉयल. उडी मारताना डावीकडे झुकणारा घोडा केम्प्टनला प्रत्येक फेन्सवर अर्धी-पाऊण लांबी गमावतो. केम्प्टनच्याच किंग जॉर्ज चेसमध्ये 18 फेन्स आहेत, हिशेब सोपा आहे.

14 सप्टेंबर

एका पागेचे जास्तीत जास्त चार, हा नियम मलिन्समुळे करावा लागतो. त्याच्या क्लोसटनच्या पागेत एकाच गटातले इतके चांगले घोडे असतात की कुठला कुठल्या शर्यतीत जाईल हे अखेरच्या नोंदणीपर्यंत कळत नाही. तीन घोडे यादीत आणि तिघेही एकाच शर्यतीत, असं झालं तर दोन नावं वाया. शिवाय त्यांचे बरेच घोडे ख्रिसमसच्या सुमाराला पहिल्यांदा दिसतात. माजबरो, फायनल डिमांड, कोपेक दे बोर्द आणि बांबिनो फीव्हर, इथे थांबलो. बांबिनो फीव्हर ही घोडी 2025 ची चॅम्पियन बंपर जिंकली. हर्डलवर तिला घोडीची सात पाउंडांची सवलत मिळेल आणि खास माद्यांसाठीच्या शर्यतींचाही वेगळा मार्ग खुला आहे. उडी अजून सिद्ध व्हायची आहे, ती अट लिहिली.

किमतीवर भाळू नये याची नोंद: कॉल्डवेल पॉटर फेब्रुवारी 2024 मध्ये लिलावात 7,40,000 युरोला गेला. चेल्टनमला तो जिंकला तो 2025 मध्ये, नॉव्हिस हँडिकॅप चेस. लिलावाची किंमत त्या दिवशी किती जणांना तो हवा होता एवढंच सांगते.

28 सप्टेंबर

हँडिकॅपवाले चार. इथे चांगला घोडा पुरत नाही, त्याच्या ताकदीपेक्षा कमी रेटिंग असलेला घोडा लागतो. हर्डल आणि चेसची रेटिंग वेगळी धरतात. हर्डलवर 138 आणि चेसवर 129 असलेला, दोनच चेस पळालेला घोडा तपासण्याजोगा. आयर्लंडचं रेटिंग आणि त्याच घोड्याला ब्रिटनमध्ये मिळणारं रेटिंग एकच धरू नये, काही पाउंडांचा फरक पडू शकतो.

रेबेका कर्टिसचा हैती कुलर्स हा पेचाचा घोडा. चेल्टनमची नॅशनल हंट चेस आणि एप्रिलची आयरिश ग्रँड नॅशनल, दोन्ही एकाच वसंतात. रेटिंग वर गेलंच आहे. पण चार मैलांच्या आसपासचा दम ही दुर्मीळ गोष्ट, आणि 27 डिसेंबरची चेपस्टोची वेल्श नॅशनल वेल्समधल्या पागेसाठी स्वाभाविक लक्ष्य. घेतला, फक्त साडेतीन मैलांच्या वरच्या शर्यतींसाठी. ग्रँड नॅशनलचा विचार असेल तर लक्षात ठेवायचं: 2024 पासून 34 च घोडे आणि किमान रेटिंग 130. म्हणजे खालच्या रेटिंगच्या दमदार घोड्याला हिवाळ्यात वर चढावंच लागतं.

8 ऑक्टोबर

यादी बंद. नॉव्हिस चेसर सात, बंपरमधून हर्डलला येणारे चार, दुसऱ्या वर्षाचे चेसर चार, हँडिकॅपवाले चार, आणि खुल्या हर्डलसाठी एकटा द न्यू लायन. डॅन स्केल्टनचा हा घोडा न्यूबरीची चॅलो हर्डल आणि चेल्टनमची टर्नर्स जिंकून 2024–25 सीझनभर अपराजित राहिला. टर्नर्स अडीच मैलांहून थोडी लांब, चॅम्पियन हर्डल दोन मैलांची, त्यामुळे वेग कमी पडण्याची शक्यता धरली आहे. पहिल्या दोन मैली शर्यतीत तो वळणावर मागे पडून ढकलावा लागला तर अंतर वाढेपर्यंत बाजूला ठेवायचा.

हिशेब कागदावर: प्रत्येक शर्यतीला सुरुवातीच्या अधिकृत भावाने एक पाउंडाची कागदी पैज. भाव 6/4 च्या (चार लावले तर सहा नफा) खाली असेल तर ती शर्यत मोजायची नाही, फक्त नोंदवायची, कारण आंधळेपणाने सगळ्या शर्यती धरल्या की चांगली यादीसुद्धा तोट्यात जाते.

मध्ये नाव बदलायला तीनच कारणं चालतील: दुखापतीमुळे सीझन संपला, पागा बदलली, किंवा तिसऱ्या ओळीतली अट पूर्ण झाली. एका पराभवाने नाव काढायचं नाही. इनोथेवेयुरथिंकिन हिवाळाभर फिका दिसला, 25,000 पाउंड भरून उशिरा 2025 च्या गोल्ड कपमध्ये घातला, आणि जिंकला. त्याच्या डिसेंबरच्या निकालांवर कोणीही त्याला काढला असता. म्हणून शीटमध्ये 'हरला' याशेजारी 'त्या दिवशी दुसऱ्या ओळीतलं अंतर आणि जमीन मिळाली होती का' हा रकाना घातला आहे. उत्तर 'नाही' असेल तर तो पराभव मोजणीत धरत नाही.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी: 26 ऑक्टोबरला ब्रिटनची घड्याळं मागे जातात. तोपर्यंत फरक साडेचार तासांचा, नंतर साडेपाच. दुपारी 1:20 ची शर्यत मग संध्याकाळी 6:50 ला. शुक्रवार-शनिवारी चेपस्टो, पुढे वेदरबीची चार्ली हॉल चेस आणि डाउन रॉयलच्या शर्यती. चेपस्टोच्या आदल्या दिवशी जमिनीची नोंद पाहून चिखलवाल्या घोड्यांपुढे पुन्हा एकदा खूण करायची आहे.